दोनशे सतराचा दुसरा बिल्ला

फौजदारांनी टेबलावर कागदाची पुडी ठेवली आणि उलगडली.

आत एक पितळी बिल्ला होता. कडेला चिखल वाळून घट्ट बसला होता. वरच्या बाजूला भोक, मधोमध दिवा आणि कुदळ, त्याखाली ठोकलेला आकडा. २१७.

“खाणीचा आहे एवढं मलाही कळतं,” फौजदार म्हणाले. “कुणाचा ते सांगा.”

टेबलामागे बसलेल्या बाईला संग्रहालयात सगळे बिल्लेबाई म्हणायचे. हमालांचे बिल्ले, ट्रामची टोकनं, शर्यतीची पदकं, खोटी नाणी, खरी नाणी. बावीस वर्षं ती हेच बघत आली होती. नाव पाठीमागून पडलं होतं, पण आता तोंडावरही हाक मारली तरी ती ओ द्यायची.

तिने बिल्ला उचलला. आकडा वाचला आणि पुन्हा वाचला.

“साहेब, जरा माझ्याबरोबर चला.”

खालच्या दालनात काचेमागे एक मोठा लाकडी फळा होता. तीन शहरं पलीकडूनही लोक तो बघायला यायचे. खाणीत उतरताना प्रत्येक माणूस या फळ्यावरचा आपला बिल्ला काढून खिशात घालायचा आणि वर आला की परत अडकवायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस खाली. तीस वर्षांपूर्वी खाणीत स्फोट झाला, तेव्हा होता तसाच हा फळा जपून ठेवला होता. एकेचाळीस खिळे रिकामे होते.

दोनशे सतराचा खिळा रिकामा नव्हता. तिथे एक बिल्ला लटकत होता.

फौजदारांनी काचेला नाक लावलं. “एकाच नंबरचे दोन?”

“दोन कधीच काढत नसत. बिल्ला हरवला तर तो नंबर बाद. माणसाला नवा नंबर मिळायचा.” तिने हातातल्या बिल्ल्याकडे पाहिलं. “हा कुठे सापडला?”

“जुन्या खाणीचं तोंड बुजवायचं काम चाललंय ना, तिथे. एका आडव्या बोगद्यात. हाडं आहेत एका माणसाची. त्याच्या खिशाच्या जागी हा. आणि शेजारी चेपलेला दिवा, छप्पन नंबरचा. जाळी पार वितळलीय.”

दोनशे सतरा कोण, हे गावात कुणाला सांगावं लागत नव्हतं. तो सुरुंगवाला होता. चुकीचा बार भरून एकेचाळीस माणसं मारली आणि चौकशीच्या भीतीने परागंदा झाला, असं पोरंसोरंही सांगायची. खाली तो नव्हताच, कारण त्याचा बिल्ला फळ्यावर होता. मागे बायको आणि सहा वर्षांची मुलगी राहिली. त्यांच्या दारावर किती दगड पडले, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

बिल्लेबाईने किल्ली आणली, काच सरकवली आणि तो बिल्ला खिळ्यावरून काढला. हाताला तो लागला मात्र, तिचा चेहरा बदलला.

अकरा वर्षांपूर्वी या फळ्याची नोंद तिनेच केली होती. ‘सर्व बिल्ले अस्सल,’ असं लिहिलं होतं. काचेतून बघून.

---

दुपारपर्यंत ती भिंगावरून उठली नाही.

“यातला एक खोटा आहे,” अखेर ती म्हणाली.

“खाली सापडलेला?”

“भिंतीवरचा.”

फौजदार खुर्ची ओढून बसले.

“खाणीचे बिल्ले दाबयंत्रात ठशाखाली काढलेले आहेत. रेघा धारदार, पाठ गुळगुळीत. भिंतीवरचा ओतीव आहे. कुणीतरी खऱ्या बिल्ल्याचा वाळूत साचा घेतला, त्यातला आकडा सपाट केला आणि पितळ ओतलं. पितळ थंड होताना आकसतं, म्हणून हा केसभर लहान भरतो. अंगावर बारीक खड्डे आहेत, काठाला कानशीचे ओरखडे. आणि आकडा बघा.”

त्यांनी भिंगातून पाहिलं. “दोनच्या शेपटाचं टोक तुटलंय.”

“आणि सातच्या डोक्यावर एक बारीक टिंब आलंय. ठशातच खोट असेल तर ती प्रत्येक वेळी उमटते. फळ्यावरचे सगळे दोन आणि सगळे सात मी आत्ता तपासले. एकातही ती नाही. हा आकडा खाणीच्या ठशांनी ठोकलेलाच नाही, साहेब.”

“म्हणजे माणूस खाली होता आणि वर कुणीतरी त्याच्या नावाने खोटा बिल्ला टांगला.”

“हो. आणि मग तो पळाला म्हणून गावभर झालं.”

तिने दोन्ही बिल्ले शेजारी शेजारी ठेवले.

“घरच्यांना सांगितलंत?” तिने विचारलं.

“अजून नाही. हाडांबद्दल डॉक्टरांचा कागद उद्या येईल.”

“मग उद्यापर्यंत थांबा. एकदा त्यांना चुकीचं सांगून झालंय. आता सांगायचं ते सगळं एकदम आणि खरं सांगू.”

---

खाणीचे तेव्हाचे साहेब आता ऐंशीचे होते. गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालता घालताच ते उत्तरं देत होते.

“फळा कुणाच्या ताब्यात होता?”

“दिवेखोलीच्या. दिवे आणि बिल्ले एकाच खिडकीतून दिले जायचे.”

“आकडे ठोकायचे ठसे?”

“माझ्या तिजोरीत. दुसरं कुणी हात लावत नसे.”

“स्फोटानंतर बिल्ले कोणी मोजले?”

“मी. संध्याकाळी. बेचाळीस खिळे रिकामे.” म्हातारे थांबले. झारीतून पाणी पायावर सांडत राहिलं. “नाही, एकेचाळीस. त्या दिवशी माझी मोजण्यात चूक झाली होती. सकाळी दिवेखोलीवाल्याने पुन्हा मोजले, तेव्हा एकेचाळीस भरले. माझे हात थरथरत होते, बाई. कुणाचीही चूक झाली असती.”

“आणि शोध?”

“पाचव्या दिवशी एकेचाळिसावा मिळाला. शोध थांबवला. आणखी कुणी नव्हतंच ना खाली.”

जिना उतरताना फौजदार म्हणाले, “ठसे याच्याच तिजोरीत होते. स्फोटाचा दोष दुसऱ्यावर गेला तर फायदाही याचाच. मला तर हाच वाटतो.”



---

सुरुंगवाल्याचं घर उताराच्या गल्लीत शेवटचं होतं. बायको आता सत्तरीला टेकली होती. मुलगी छत्तीस वर्षांची, टपाल कचेरीत होती. मागच्या खोलीत बायकोचा थोरला भाऊ राहायचा. दिवेखोली त्याच्याकडे होती म्हणून सगळं गाव त्याला दिवेमामा म्हणायचं. तीस वर्षं बहीण आणि भाची त्यानेच सांभाळली. स्वतः लग्न केलं नाही.

“फळ्याची माहिती नव्याने लिहितोय,” फौजदारांनी सांगितलं. तेवढंच सांगायचं ठरलं होतं.

मुलीने पाणी आणून ठेवलं आणि बिल्लेबाईकडे पाहून हसली. “तुम्ही मला ओळखलं नाहीत. आठ वर्षांपूर्वी मी एक नाणं घेऊन आले होते. तुम्ही चिठ्ठी लिहून दिली होतीत.”

“काय लिहिलं होतं मी?”

“‘कल्पित नाणं. असा देश नाही. संग्रहमूल्य नाही.’” तिला पाठच होतं. “मी रागावले नव्हते हां. मी म्हटलं, असेल एखादा लहानसा देश, यांच्या पुस्तकात नसेल.”

तिने कपाटातून पत्र्याचा डबा आणला. आत तीस नाणी होती. एका बाजूला शिडाचं जहाज, दुसऱ्या बाजूला नुसता आकडा. अक्षर एकही नाही. सातपासून छत्तीसपर्यंत.

“दर वाढदिवसाला उंबऱ्यावर पाकीट असतं. तिकीट नाही, शिक्का नाही. कुणीतरी हातोहात आणून टाकतं. बाबा गेले तेव्हा मी सहाची होते. सातव्या वाढदिवसाला पहिलं आलं.” ती क्षणभर थांबली. “आता माझा विश्वास आहे असं नाही. पण त्या दिवशी कचेरीतून मी जरा लवकर घरी येते.”

“कशाला दाखवतेस ते?” आई कडाडली. “कुठल्या देशात मजा मारतोय कुणास ठाऊक. तीस वर्षांत माणसाला दोन ओळी लिहिता आल्या नाहीत. एकेचाळीस घरांचे तळतळाट मी झेलले, आणि हा नाणी पाठवतोय!”

बिल्लेबाईने एकवीसचं नाणं उचललं. मग सत्तावीसचं. भिंग पिशवीतच राहिलं. तिला भिंगाची गरज पडली नाही. तिने नाणी होती तशी परत ठेवली आणि मुलीकडे न बघता झाकण लावलं.

“मामांशी बोलता येईल का?”

मागची खोली लख्ख होती. भिंतीवर नऊ खुंट्या आणि प्रत्येकीखाली हाताने आकडा ठोकलेली पितळी पट्टी. एकवर टोपी, तीनवर छत्री, चारवर किल्ल्या.

“दिवेखोलीची सवय,” दिवेमामा ओशाळून म्हणाले. “वस्तू जागच्या जागी असली की बरं वाटतं. पिशवी अडकवा ना तिथे.”

तिने पिशवी दोन नंबरच्या खुंटीला अडकवली. अडकवायला जरा जास्तच वेळ लावला.

“मामा, त्या दिवशी दोनशे सतराचा बिल्ला फळ्यावर होता?”

“होता. माझ्या डोळ्यांनी पाहिला.”

“कधी?”

“दुसऱ्या दिवशी सकाळी, मोजताना.”

“आणि आदल्या संध्याकाळी?”

“त्या संध्याकाळी कुणाचे डोळे ठिकाणावर होते, बाई?”

“छप्पन नंबरचा दिवा कुणाला दिला होता?”

“कुणालाच नाही. दुरुस्तीत होता. जाळी फाटली होती त्याची.”

“किती दिवे होते दिवेखोलीत?”

“तीनशे वीस.”

“बरं,” बिल्लेबाई म्हणाली आणि पिशवी घेऊन उठली.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर फौजदारांनी विचारलं, “काय झालं? रडताय तुम्ही.”

“उद्या चौघांना एकत्र बोलवा,” ती म्हणाली. “डॉक्टरांचा कागद घेऊन या.”

---

संग्रहालयाच्या वाचनकक्षात सकाळचं ऊन टेबलावर पसरलं होतं. आई, मुलगी, दिवेमामा आणि म्हातारे साहेब. फौजदार दाराशी उभे.

बिल्लेबाईने आधी आईकडे पाहिलं. “मावशी, तुमचे यजमान पळाले नव्हते. ते त्या दिवशी खालीच होते. परवा सापडले.”

आई तशीच बसून राहिली. हाताची बोटं तेवढी एकमेकांत घट्ट झाली. मुलीने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

“खरा बिल्ला त्यांच्या खिशात होता. फळ्यावरचा खोटा. साहेब, तुमचीही मोजण्यात चूक झाली नव्हती. संध्याकाळी बेचाळीसच खिळे रिकामे होते. सकाळी एकेचाळीस झाले, म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी बिल्ला टांगला. दिवेखोलीत दिवे झाळून सांधायची भट्टी होती, पितळ होतं, आणि साचा घ्यायला शेकडो खरे बिल्ले होते.”

“पण ठसे माझ्या तिजोरीत होते,” साहेब म्हणाले.

“म्हणूनच तुम्ही नव्हे. तुम्ही बनवला असता तर खाणीच्याच ठशांनी ठोकला असता आणि मला कधी कळलंही नसतं. ज्याने बनवला त्याच्याकडे ते ठसे नव्हते. त्याने स्वतःचे वापरले. दोनचं शेपूट तुटलेले. सातच्या डोक्यावर टिंब उमटवणारे.” तिचा आवाज खाली आला. “एकवीसच्या नाण्यावर तसाच दोन आहे. सत्तावीसच्या नाण्यावर तसाच दोन आणि तसाच सात. खोटा बिल्ला आणि ती तीस नाणी एकाच हातची आहेत.”

मुलीने मान वर केली. तिला कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं.

“नाणी उंबऱ्यावर हातोहात यायची. म्हणजे आणणारा जवळचाच होता. आणि तुटक्या शेपटाचा तोच दोन काल मी एका खुंटीखाली पाहिला. मामा, दिवे तीनशे वीस होते. तीस वर्षांनंतर मी त्यातल्या एकाचं विचारलं, तर तुम्हाला क्षणभरही आठवावं लागलं नाही. तो दिवा दुरुस्तीत नव्हता. जाळी वितळलेला असा तो तुमच्या मेहुण्याशेजारी सापडलाय.”

मग दिवेमामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“दिवा दुरुस्तीला बाजूला काढून ठेवला होता,” ते म्हणाले. “त्या सकाळी त्याला उशीर झाला. दुसरा दिवा शिल्लक नव्हता. वायू तपासल्याशिवाय बार उडवता येत नाही, आणि तपासायला दिवा हवा. जाळी फाटली की ज्योत बाहेरच्या वायूला भिडते, पण मी म्हटलं, एक दिवस चालेल. दिला. त्याने उघडून बघितलासुद्धा नाही. दुसऱ्या कुणी दिला असता तर बघितला असता. माझ्या हातचा म्हणून नाही बघितला.”

“आणि त्या रात्री?” फौजदारांनी विचारलं.

“तो वर होता असं झालं, तर दिवा खाली गेलाच नव्हता. वहीत ‘दुरुस्तीत’ लिहिलं. बिल्ला ओतला. लोक त्याला पळपुटा म्हणतील, स्फोट त्याच्या माथी मारतील, हे माझ्या डोक्यातही नव्हतं. आठ दिवसांत सगळीकडे तेच झालं. मग तोंड उघडायची हिंमत झाली नाही.”

“मामा,” मुलगी म्हणाली, “जहाज का काढायचास?”

दिवेमामांना आधी प्रश्नच कळला नाही. “मला दुसरं काही नीट जमत नव्हतं गं,” ते म्हणाले. “तू रोज दारात बसायचीस. वाटलं, काहीतरी यावं. एका वर्षी बंद करणार होतो. त्या दिवशी तू दिवसभर पायरीवरून उठली नाहीस. मग संध्याकाळी नेऊन ठेवलं.”

मुलीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

आई अजून तशीच बसली होती. बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता, जणू घरात बसून काही विचारतेय.

“दादा, पाचव्या दिवशी शोध थांबला. तो आत आहे, तुला माहीत होतं.”

“वायू भरला होता. कुणी जगणं शक्यच नव्हतं.”

“तुला माहीत होतं?”

दिवेमामा मांडीवरच्या टोपीकडे बघत राहिले.

“तुला माहीत होतं?”

“हो.”

तिने डोळे मिटले. “मी त्याला रोज शिव्या घातल्या. रोज. तो तिथे अंधारात पडला होता आणि मी त्याला शिव्या देत होते, आणि तू माझ्यासमोर बसून जेवत होतास. एकदा तरी म्हणायचंस, ‘नको गं बोलूस.’ एवढं तरी.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “सांगितलं असतंस तर मी वर्षभर रडले असते. फार तर दोन वर्षं. तुलाही माफ केलं असतं, वेड्या. तेव्हा केलं असतं.”

दिवेमामा खुर्चीवरून घसरल्यासारखे खाली बसले आणि बहिणीच्या पायांकडे हात पुढे केला. तिने पाय मागे घेतले.

मग तिने फौजदारांकडे पाहिलं. “तो लगेच गेला का? का वाट बघत होता?”

फौजदारांनी खिशातला कागद काढला, उलगडला, बघितला. “डॉक्टरांनी लिहिलंय, स्फोटातच गेले. त्यांना काही कळलंही नसेल.”

आईने मान हलवली.

बिल्लेबाईने तो कागद सकाळीच वाचला होता. त्यात असं काही लिहिलेलं नव्हतं. हाडांवरून ते सांगता येत नाही, एवढंच होतं. तिने फौजदारांकडे पाहिलं. त्यांनी कागदाची घडी करून तो पुन्हा खिशात ठेवला.

---

दिवेमामांनी जबाबात सगळं कबूल केलं. वकील नको म्हणाले. आठवड्यातून दोनदा भाची त्यांना कोठडीत जेवणाचा डबा देऊन यायची. डबा कुणाला नेतेस, हे आईने कधी विचारलं नाही. फक्त त्या दिवशी भाजी जरा जास्त केलेली असायची.

फळ्यावरचा खोटा बिल्ला बिल्लेबाईने काढून ठेवला आणि जुन्या नोंदीवर रेघ मारून खाली स्वतःच्या सहीने लिहिलं की ही चूक तिची होती.

महिन्याभराने तिला टपाल कचेरीतून निरोप आला. खाणीच्या तोंडाशी मेलेल्यांच्या नावांची शिळा आहे. तिच्यावर आज आणखी एक नाव कोरायचं आहे. आई म्हणते, तुम्ही या.

सकाळचे नऊ वाजले होते. पंधरा-वीस माणसं जमली होती. गेलेल्यांची मुलं, भाऊ, दोन म्हाताऱ्या बायका. त्यातली एक पुढे आली, काही बोलायला तोंड उघडलं आणि नुसतीच रडत सुरुंगवाल्याच्या बायकोसमोर उभी राहिली. दोघींनी एकमेकींचे हात धरले.

शिळेवर एकेचाळीस नावांखाली थोडी जागा होती. पाथरवटाने खडूने तिथे रेघ आखली, कानावरची पेन्सिल काढली आणि वळला.

“नाव काय लिहायचं, आजी?”

मुलगी सांगायला पुढे झाली. आईने तिला हातानेच थांबवलं. घरात त्या नावाचा उच्चार तीस वर्षांत झाला नव्हता. घ्यायचं असलं की ‘तो’ म्हणायचं, शिवी द्यायची असली की तेही नाही.

तिने नाव सांगितलं.

“ऐकू नाही आलं,” पाथरवट म्हणाला.

तिने पुन्हा सांगितलं, आणि या वेळी सगळ्यांना ऐकू आलं.